ओल्या-कोरड्या थर्मामीटरची दुरुस्ती: माझा अनुभव

हवेतला दमटपणा कळावा म्हणून यात दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी असतात: एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला (खालच्या काचेच्या गोळीला) ओली वात. आबाजींच्या या जोड-थर्मामीटरात पारा मधेच तुटला होता. बर्फात मीठ कालवून फक्त फुगा त्यात धरला. पारा आकसून खाली उतरला नि जुळला. विस्तवाजवळ नेऊ नका, काच फुटली तर पारा विषारी.

खरी गोम वातीत होती. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ती खडूसारखी कडक झालेली, पाणी चढणार कसं? मलमलीची पट्टी उकळून, खळ काढून फुग्याला गुंडाळली आणि इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर भरलं.

आता पडवीत, सावलीत टांगलाय. दुपारी आकडे वहीत टिपतो. मे महिन्यात दोन्हींत 18-20 अंशांचा फरक. मृगाची झड लागली की जेमतेम 2-3. फरक घटला की कूलरही गारवा देत नाही, कारण तेच: हवा दमट, पाणी नीट सुकत नाही. वात मळली की लगेच बदलावी.