लिनलिथगोला राहायला येताय?

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोत नोकरी आणि घर जवळच्या लिनलिथगोत, असा बेत असेल तर एक सांगून ठेवते: भाडं स्वस्त पडेल या आशेने येऊ नका. इथे लोक शाळा आणि रेल्वे पाहून येतात. १८४२पासून एडिनबरो-ग्लासगो गाडी इथे थांबते. एडिनबरोला साधारण वीस मिनिटं, ग्लासगोला अर्धा तास.

गाव समजायला सोपं आहे. उत्तरेला तळं, दक्षिणेला १८२२चा युनियन कालवा, मध्ये लांबलचक हाय स्ट्रीट. कालव्यापलीकडची घरं टेकडीवर आहेत, तेव्हा घर बघायला स्टेशनपासून चालत जा. भाजीच्या पिशव्या घेऊन तो चढ रोज चढायचा आहे.

तळ्याकाठच्या राजवाड्यात १५४२मध्ये स्कॉटलंडची मेरी राणी जन्मली. १७४६मध्ये ड्यूक ऑफ कंबरलँड या सेनापतीच्या सरकारी सैन्याचा मुक्काम असताना आग लागली आणि तेव्हापासून वाड्याला छप्पर नाही. शेजारच्या सेंट मायकल चर्चवर १९६४मध्ये ॲल्युमिनियमचा मुकुट चढवला. मला तो आवडतो, पण शेजाऱ्यांसमोर मत जरा जपून द्या.

इथे जन्मलेले लोक स्वतःला अभिमानाने ‘ब्लॅक बिच’ म्हणवतात, दचकू नका. तळ्यातल्या बेटावर बांधून ठेवलेल्या मालकाला पोहत जाऊन अन्न पोचवणाऱ्या काळ्या कुत्रीची ही दंतकथा. गावाच्या चिन्हावरही तीच आहे. चाळीस वर्षं राहूनही हा मान आपल्याला मिळायचा नाही. आपल्यासाठी हाय स्ट्रीटवरची १७२०ची विहीर आहे. सेंट मायकल परक्यांशी मायेने वागतो, असं तिच्यावर कोरलंय.

खरी ओळख होते ती मार्चेसच्या दिवशी. जूनमधल्या दुसऱ्या गुरुवारनंतरचा मंगळवार. पहाटे पाचलाच बासऱ्या आणि ढोल गावाला उठवतात, मग मिरवणूक गावाच्या जुन्या हद्दी बघायला निघते, थेट समुद्राकाठच्या ब्लॅकनेसपर्यंत. ब्लॅकनेस म्हणजे लिनलिथगोचं जुनं बंदर. त्या दिवशी शक्य असेल तर रजाच काढा. ऑफिसात बसून हे गाव कळत नाही. एरवी माणसं भेटतात कालव्यावर, तिथल्या बोटी स्वयंसेवक चालवतात. आपले बरेच जण शनिवार-रविवार एडिनबरोतल्या मराठी मित्रांकडेच घालवतात आणि मग इथे कोणी बोलत नाही म्हणून कुरकुरतात!

कामाचं थोडं. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट पाहू नका. चिठ्ठीवरच्या औषधांना स्कॉटलंडमध्ये पैसे पडत नाहीत. दवाखाना बंद असताना १११ला फोन करायचा. पाच ते एकवीस वयाच्या मुलांना बस फुकट आहे, पण कार्ड काढावं लागतं. डिसेंबरात पावणेचारलाच अंधार पडतो, म्हणून फिरणं दुपारच्या जेवणाआधी उरका. आणि छत्रीवर पैसे घालवू नका, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. टोपीचं चांगलं रेनकोट-जॅकेट घ्या.