रोमन सैनिकाचा एक दिवस घरच्या घरी कसा जगून पाहावा

मुलांनो, रोमन सैनिक म्हटला की तलवार आणि शिरस्त्राण डोळ्यांपुढे येतं. पण त्याचे बहुतेक दिवस लढाईविनाच जात. दळण, पायपीट, पहारा यांतच तो गुंतलेला असे. तसा एक दिवस तुम्ही एखाद्या रविवारी जगून पाहा. काळ इसवी सन १०० च्या आसपासचा, जागा उत्तर इंग्लंडमधली विंडोलांडा छावणी, थंडी कडाक्याची.

१. आठ जण जमवा. आठ सैनिकांचं एक बिऱ्हाड असे. छावणीत एक खोली, मोहिमेवर चामड्याचा एक तंबू, ओझ्याला एक खेचर आणि एक जातं. अशा दहा बिऱ्हाडांची, म्हणजे ८० जणांची, एक तुकडी. तिच्या नायकाच्या, सेंच्युरियनच्या, हातात द्राक्षवेलीची काठी असे.

२. दळायला बसा. पीठ आयतं मिळत नसे. माणशी रोज साधारण पाऊण ते एक किलो गहू मिळे आणि तो दळायचा आपला आपणच. ब्रिटनमध्ये सापडलेली बरीचशी जाती जर्मनीतल्या ज्वालामुखीच्या खडकाची आहेत, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडासारख्याच खडकाची. आजीकडे जातं असेल तर मूठभर गहू वैरा, खुंटा धरा आणि फिरवा. सुरुवातीला भरडच पडेल. तेच पुन्हा वैरा. वाटीभर पिठाला किती वेळ लागला ते घड्याळात बघा आणि त्यावरून आठ जणांच्या सात किलोंचा हिशेब मांडा. हे काम मला तलवारबाजीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते रोजचं होतं. मग पिठात पाणी आणि मीठ घालून जाड भाकरी थापा आणि मोठ्यांच्या मदतीने भाजा. प्यायला ते आंबूस वाइन पाण्यात मिसळून घेत. तुम्ही लिंबूपाणी घ्या.

३. मैल मोजा. 'मैल' हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'हजार'वरून आला. डावं पाऊल पडलं की एक, असं हजारापर्यंत मोजायचं. तो झाला रोमन मैल, सुमारे दीड किलोमीटर. नव्या भरतीकडून पाच तासांत असे २० मैल चालण्याची अपेक्षा असे, आणि सरावात पाठीवर वीसेक किलोंचं ओझंही दिलं जाई. तुम्ही एकच मैल चाला, दप्तर हलकं ठेवून.

४. परवलीचा शब्द ठरवा. तो लाकडी पाटीवर लिहून फिरवला जाई. रात्रीचे चार पहारे असत. तुम्ही संध्याकाळी अर्धा-अर्धा तास वाटून घ्या.

५. घरच्यांना पत्र लिहा. विंडोलांडाच्या ओल्या मातीत १९७३ साली लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले, पोस्टकार्डाएवढे, शाईने लिहिलेले. काजळी, डिंक आणि पाणी खलून तशी शाई तुम्हालाही करता येईल. सुताराकडून पातळ ढलपी आणा आणि बोरूने लिहा. शाई फार पातळ झाली तर लाकडात फुटते, म्हणून आधी एका कोपऱ्यात रेघ ओढून पाहा.

काय लिहायचं? तिथल्या एका पत्रात कुणीतरी कळवलंय की मोजे, सँडलचे दोन जोड आणि आतले दोन कपडे पाठवलेत. दुसऱ्यात एक अधिकारी वरिष्ठांना सांगतो, माझ्या माणसांकडची बिअर संपलीय, पाठवायला सांगा. तुम्हीही असंच लिहा: काय संपलंय, काय हवंय, पाय कुठे दुखतायत.