जखमी पाखरू किंवा प्राणी सापडला तर पहिल्या तासात काय करायचं

जखमी पाखरू दिसलं की आपला हात आधी पाण्याकडे जातो आणि तिथेच घोळ होतो. चोचीत ड्रॉपरने पाणी सोडू नका, प्लीज. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या अगदी मागेच उघडते, पाणी सरळ आत फुफ्फुसात जाऊ शकतं आणि मोडक्या पंखाने जो मेला नसता तो पाण्याने मरतो. दूध तर नाहीच नाही, ते त्यांना पचतच नाही.

आधी लांबून बघा, खरंच जखमी आहे का. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळपासच असतात, मांजर-कुत्रं तेवढं लांब ठेवा. पिसंच नसलेलं पिल्लू पडलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही.

उचलायचंच असेल तर मागून सुती कपडा टाकायचा, डोकं झाकलं की ते शांत होतं. मूठ आवळू नका, पक्ष्याची छाती वर-खाली झाली तरच त्याला श्वास घेता येतो. पुठ्ठ्याच्या बॉक्सला आधीच भोकं पाडून ठेवा, तळाला जुना मऊ कपडा घाला, टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. मग झाकण लावा, अंधारात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. गप्प बसलंय म्हणजे माणसाळलं असं नसतं हो, ते भीतीने गोठलेलं असतं.

काचेवर आपटलेला एक बुलबुल मी असाच ठेवला होता, तासाभराने आतून नखं खरडल्याचा आवाज आला, बाहेर नेऊन झाकण काढलं तर क्षणात झाडावर. पण दोनेक तासांत नाही उडाला तर डॉक्टरकडेच न्यायचा. मांजराने तोंडात धरलेला असेल तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी, कारण मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत जीव जातो.

वटवाघूळ, माकड, साप, शिकारी पक्षी यांना हात लावू नका, नजर ठेवा आणि वन्यजीव रेस्क्यूवाल्यांना बोलवा, त्यांचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कुठल्याही सस्तन प्राण्याने चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, रेबीजच्या बाबतीत वाट बघायची नसते.

आणि सापडलेली जागा नीट लिहून ठेवा, कुठलं झाड, कुठला रस्ता, कारण बरं झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं, विशेषतः कासवाला, ते आपला पट्टा सोडत नाही.