डबाबंद (कॅनमधला) टोमॅटो की कच्चा कांदा?
१०० ग्रॅम कच्च्या कांद्यात साधारण ४० कॅलरी, ७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि नावापुरतं सोडियम. डब्यातल्या टोमॅटोत कॅलरी कमी, पण मीठ घातलेलं असेल तर सोडियम शंभर मिलिग्रॅमच्या पुढे. म्हणून लेबल वाचा आणि भाजीत मीठ शेवटी, चव बघूनच घाला. टोमॅटोचं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शिजवल्यावर आणि चमचाभर तेलासोबत अंगी जास्त लागतं, तेव्हा डबा कमअस्सल समजू नका. कांद्याचं क्वेर्सेटिन, म्हणजे त्यातलं एक अँटिऑक्सिडंट द्रव्य, बाहेरच्या पाकळ्यांत जास्त; सालीबरोबर दोन जाड थर सोलून टाकले की तेच कचऱ्यात जातं. कोशिंबिरीचा कांदा चिरून, मीठ लावून पिळू नका, त्या पाण्यातून क जीवनसत्त्व निघून जातं. उघडलेला टोमॅटो काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा.