इग्नूत प्रवेश घेताय? आधी विद्यापीठाची रचना समजून घ्या

मी नोकरी सांभाळून इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, इतिहासात एम.ए. केलं. तेव्हापासून जानेवारी आणि जुलैचे प्रवेश सुरू झाले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "फॉर्म भरला, आता पुढे काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाच्या रचनेतच आहे. नेहमीच्या कॉलेजात वर्ग, घंटा, सर, मित्र हे सगळे मिळून तुम्हाला वर्षभर पुढे ढकलत असतात. इथे ते काम तुमचं तुम्हालाच करायचं असतं.

ही रचना एका रात्रीत झालेली नाही. दिल्ली विद्यापीठानं 1962 मध्येच पत्राद्वारे पदवीचं शिक्षण सुरू केलं होतं. 1969 मध्ये ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि आपल्याकडेही वेगळ्या, स्वतंत्र मुक्त विद्यापीठाची चर्चा सुरू झाली. 1974 मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. पण देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं ते 1982 मध्ये, आंध्र प्रदेशात. त्याचे कुलगुरू होते जी. राम रेड्डी. 1985 मध्ये संसदेनं कायदा करून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन केलं, तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून त्यांनाच दिल्लीला बोलावलं गेलं.

प्रत्यक्ष शिकवणं सुरू झालं 1987 मध्ये. दोनच पदविका आणि 4,528 विद्यार्थी! एक पदविका व्यवस्थापनाची होती आणि दुसरी दूरशिक्षणाची. ही दुसरी निवड मला फार महत्त्वाची वाटते. समोर विद्यार्थी नसताना शिकवायचं कसं, हे जाणणारी माणसं त्या काळी देशात मोजकीच होती. विद्यापीठानं सुरुवातच अशी माणसं तयार करण्यापासून केली.

त्याचा फायदा आज तुमच्या हातातल्या पुस्तकात दिसतो. प्रत्येक कोर्स ब्लॉकमध्ये आणि ब्लॉक युनिटमध्ये विभागलेला असतो. युनिटच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं. बहुतेक नवे विद्यार्थी हे प्रश्न ओलांडून पुढे जातात. कृपा करून तसं करू नका. वर्गात सर थांबून "कळलं का?" असं विचारतात, त्या जागी हे प्रश्न घातलेले आहेत. छापील संच हातात पडण्याची वाटही पाहू नका. ई-ज्ञानकोश या विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहातून युनिट मोफत उतरवून घेता येतात. साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी फॉर्ममध्ये माध्यम निवडण्याआधी दोन्ही भाषांतलं एकेक युनिट वाचून पाहावं आणि कुठल्या भाषेत तीन तास सलग लिहिता येईल, ते स्वतःला विचारावं.

आता कारभार. राष्ट्रपती हे विद्यापीठाचे अभ्यागत (व्हिजिटर), म्हणजे सर्वांत वरचं पद. त्याखाली कुलगुरू, व्यवस्थापन मंडळ, विद्या परिषद वगैरे. विद्यार्थ्याचा त्यांच्याशी थेट संबंध फारसा येत नाही. तुम्हाला समजून घ्यायचे आहेत ते तीन स्तर: दिल्लीच्या मैदान गढीतलं मुख्यालय, प्रादेशिक केंद्र आणि तुमचं अभ्यासकेंद्र. अभ्यासक्रम तयार करणारी स्कूल आणि परीक्षेचा विभाग मुख्यालयात आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे प्रादेशिक केंद्रं आहेत. प्रवेशाची कागदपत्रं, केंद्र बदलणं अशा कामांसाठी तिथे जावं लागतं. अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या कॉलेजातच भरतं. तिथले काउन्सेलर, म्हणजे विषय समजावून सांगणारे शिक्षक, त्याच कॉलेजातले किंवा आसपासचे प्राध्यापक असतात. समुपदेशनाची सत्रं आणि असाइनमेंट ही अभ्यासकेंद्राची कामं. निकालातली चूक घेऊन अभ्यासकेंद्रात गेलात तर तिथला माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही. कोणतं काम कुणाचं, हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

सत्रांना हजेरीची सक्ती बहुतेक विषयांत नसते. तरी जा. माझ्या एम.ए.त ज्या विषयाच्या सत्रांना गेले, त्यात वाचायचं काय आणि सोडायचं काय, हे लवकर उमगलं.

वेळेचा हिशेब मात्र प्रवेश घेण्याआधीच मांडा. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. माझ्या पहिल्या वर्षाला आठ क्रेडिटचे चार कोर्स होते, म्हणजे 960 तास. वर्षाचे 365 दिवस धरले तरी रोज अडीच तासांहून जास्त होतात. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा. एवढा वेळ निघत नसेल, तर अभ्यास लांबवण्याची सोय आहे: दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. ही मुदत तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे, तेव्हा ती वापरण्यात कमीपणा मानू नका.

गुणांचं गणितही नीट समजून घ्या. बहुतेक कोर्समध्ये असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेला 70 टक्के भार असतो, पण दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. एम.ए.त उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हींत प्रत्येकी 100 पैकी 40 गुण लागतात. समजा, असाइनमेंटमध्ये 80 मिळाले आणि परीक्षेत 30. भार धरून बेरीज 24 अधिक 21, म्हणजे 45 होते, तरीही तो कोर्स राहिला. असाइनमेंटच्या भरवशावर परीक्षेला जाऊ नये ते यासाठी. असाइनमेंटचे प्रश्न त्या-त्या सत्राचे असतात, तेव्हा जुन्या विद्यार्थ्याकडून आयते घेण्याऐवजी संकेतस्थळावरून ताजे उतरवा. दिल्याची पोच जपून ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पुढच्या वर्षाच्या नोंदणीत. पहिल्या वर्षाची परीक्षा दिलेली असो वा नसो, निकाल लागलेला असो वा नसो, दुसऱ्या वर्षाची री-रजिस्ट्रेशन मुदतीत करावीच लागते. निकालाची वाट बघत बसलं की सहा महिने हातचे जातात. परीक्षेचा फॉर्मही वेगळा भरायचा असतो, जून आणि डिसेंबरच्या परीक्षेसाठी स्वतंत्र. या दोन्ही तारखा कुणी घरी येऊन सांगणार नाही. दर आठवड्याला एकदा संकेतस्थळावरच्या सूचना वाचा आणि परीक्षेआधीचे दोन महिने रोज एक उत्तर घड्याळ लावून हातानं लिहा.