मोटरहोममधली वीज: सुरुवात बॅटरीपासून

मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, काही बंद पडलं की आधी एकच प्रश्न विचारा: हे १२ व्होल्टवर चालतं की घरगुती विजेवर? दिवे, पाण्याचा पंप, छताचा पंखा बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीवर चालतात. मायक्रोवेव्ह, एअर कंडिशनर आणि भिंतीतल्या सॉकेटला बाहेरच्या जोडणीची, जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची एसी वीज लागते. एवढं ठरलं की निम्मा शोध संपतो.

आता बॅटरी मोजा. चार्जर, सोलर आणि सगळी उपकरणं बंद करून काही तास जाऊ द्या, मग मल्टिमीटर डीसीवर लावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे; १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्याखाली ती वारंवार उतरवू नका. प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. माझ्या मते बॅटऱ्या वयापेक्षा याच सवयीने जास्त मरतात. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून तिथे शंट (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा भाग) असलेला बॅटरी मॉनिटरच हवा.

हिशोब सोपा आहे. १०० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १२०० वॉट-तास. लेड-ॲसिडमध्ये त्यातले ६०० वापरायचे. इन्व्हर्टरवर १००० वॉटची किटली लावली, तर बॅटरीतून ८० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो. म्हणूनच बॅटरी आणि इन्व्हर्टरमधल्या केबल एवढ्या जाड असतात, आणि तिथला सैल नट आग लावू शकतो.

टर्मिनल साफ करताना बाहेरची जोडणी, चार्जर आणि सोलर आधी तोडा. मग निगेटिव्ह काढा, नंतर पॉझिटिव्ह. बसवताना उलट क्रम. पांढरट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्जिंगनंतरच भरा, कारण चार्ज होताना पातळी वाढते. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी थोडं घाला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. हायड्रोजन निघतो, जवळ ज्योत नको.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? मोठा फ्यूज कधीच घालू नका. तो तारेला वाचवण्यासाठी असतो. मोठा बसवलात तर त्याच्याआधी तार जळेल.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह तोडून ठेवा आणि दर महिन्याला व्होल्टेज बघा.