उत्तरेतल्या वस्त्यांचं नियोजन करताना या चुका टाळा

कॅनडाच्या उत्तरेत इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या किंवा नियोजनाच्या प्रकल्पावर जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक विमानात बसण्याआधीच झालेली असते. विषय ठरलेला, प्रश्नावली छापलेली, अनुदान मंजूर, आणि मग गावकऱ्यांचा सहभाग मागायचा! परस्पर केलेल्या नियोजनाचे घाव तिथे अजून ताजे आहेत. १९५३ मध्ये सरकारने क्युबेक प्रांतातल्या इनुकजुआक गावची इनुइट कुटुंबं हजारभर मैल उत्तरेला, ग्रीझ फिओर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन ठेवली. माफी मागायला २०१० उजाडलं.

म्हणून अर्ज लिहायच्या आधीच हॅम्लेट कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, विचारा की तुम्हाला कशाचं उत्तर हवंय. त्यांनी ‘घरं’ म्हटलं तर तुमचा आहाराचा विषय बाजूला ठेवायची तयारी हवी. घरं हा आरोग्याचाच प्रश्न आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इनुइट प्रदेशातली निम्म्याहून जास्त इनुइट माणसं दाटीवाटीच्या घरांत राहतात, आणि अशा घरांत क्षयरोग झपाट्याने पसरतो. नुनावुत या इनुइटबहुल प्रदेशात संशोधनाला परवाना लागतो खरा, पण तो हाती आला म्हणजे गावाने होकार दिला असं धरून चालू नका.

सभेला कोणीच आलं नाही? आधी तारीख तपासा. वसंतात दिवस मोठा होतो, बर्फ अजून भक्कम असतं, आणि घरंच्या घरं स्नोमोबाईलवरून शिकारीला, मासेमारीला बाहेर पडतात. याला उदासीनता म्हणणं अन्यायाचं आहे. नुनावुतच्या २५ गावांपैकी एकही दुसऱ्याशी रस्त्याने जोडलेलं नाही. हिमवादळात विमान अडकतं, म्हणून हातात चार दिवस जास्तीचे ठेवा. सभेचा निरोप गावच्या रेडिओवरून द्या.

बोलणारे तेच तेच? घरं गोठलेल्या जमिनीवर खांबांवर उभी असतात, म्हणजे दारापर्यंत पायऱ्या आल्याच. व्हीलचेअरवरची आजी सभागृहात पोचणार कशी? तिच्या घरी जा, सोबत इनुक्तितुत या इनुइट भाषेचा दुभाषी न्या आणि तिच्या वेळेचं मानधन द्या. १९७०च्या दशकात कॅनडाच्या वायव्येतल्या मॅकेन्झी खोऱ्यातल्या नियोजित गॅस पाइपलाइनच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती थॉमस बर्जर ३५ वस्त्यांमध्ये स्वतः गेले, लोकांचं त्यांच्याच भाषेत ऐकलं, आणि दहा वर्षं पाइपलाइन नको अशी शिफारस केली.

नावं गाळली की माहिती गोपनीय झाली, हा समज तर धोक्याचाच. ग्रीझ फिओर्डमध्ये दीडशेही माणसं नाहीत. ‘तीन मुलांची आई, शाळेत नोकरी’ एवढं लिहिलं तरी अख्खं गाव तिला ओळखतं. अहवाल छापायच्या आधी इनुक्तितुतमध्ये गावाला वाचून दाखवा, आणि एखादं वाक्य नको म्हणाले तर काढून टाका.